पांढरे पट्टे

दवाखान्याच्या बाकावर तान्ह्या लेकीला थोपटताना शेजारचं बोलणं तिच्या कानावर आलं. जंगलाचे म्हातारे राखणदार नगरपरिषदेच्या बाईंना सांगत होते.

“बाई, राखायच्या झाडांना तुम्ही पांढरे पट्टे मारायला सांगितलेत. आम्हा लाकूडतोड्यांत पट्टा म्हणजे तोडायचं झाड!”

“अरे देवा! मग?”

“माझीच जुनी टोळी करवती घेऊन हजर. मी आडवा झालो, म्हणून वाचली झाडं.”

“आमचंच चुकलं, काका. आता काय करायचं?”

“केलंसुद्धा. पट्टे पुसले आणि एकेका झाडावर आमच्या लाकूडतोड्यांच्या वस्तीतल्या एकेका पोराचं नाव लिहिलं. आपल्या लेकराच्या नावावर कोण करवत चालवेल?”

“देवासारखे भेटलात हो!”

“तोडणाऱ्याला राखायला ठेवलंत, उपकार तुमचेच.”

बाळाच्या आईला राहवलं नाही. “काका, हिलाही एक झाड द्याल? नाव मात्र अजून ठेवायचंय.”

“ठेवा सावकाश. झाड आता कुठं जातंय?”