कानतुटका कप

माझ्या इंग्रजीचं पहिलं बक्षीस सांगू? पवनारच्या दुकानात चांगल्या कपातून मिळालेला चहा!

छप्पन साली बाबा नागपूरहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. चहा मागितला, तर दुकानदारानं बाहेर खिळ्याला टांगलेला कानतुटका कप दाखवला. आमच्या लोकांसाठी तोच वेगळा ठेवलेला असे.

बाबांनी मला विचारलं, "याले इंग्रजीत काय म्हन्तात बे?"

"ब्रोकन. तुटलेलं, फुटलेलं, मोडलेलं, सगळ्याले तेच. ब्रेकपासून झाला तो शब्द."

"ब्रेक म्हंजे?"

"तोडनं."

बाबा दुकानदाराकडे वळले. "आयकलं? ब्रोकन हाय. साबूत कप द्या."

"इतके दिस तर यातच पेत होता. आजच काऊन नाई?"

"काल नागपूरले गेलतो मी."