लहान टाकीचं विमान

अडुसष्टच्या दिवाळीनंतर धुळ्याच्या एस.टी. स्टँडवर मी पिंपळनेरच्या गाडीच्या रांगेत होतो. पुढे देवपूरचे एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या ओळखीचे शेतकरी देवचंद आबा उभे होते.

"मास्तर, तुमना पोऱ्या मुरली अमेरिकाथून कव्हय येस?"

"यंदा नाही, आबा. विमानाची अडचण आहे."

"गया तव्हय तर इमानमाच गया ना?"

"ते वेगळं. विमानं एकाच कंपनीची, एकाच नावाची, दिसायलाही सारखी. पण एकाची टाकी मोठी, ते लांब जातं. दुसऱ्यात माणसं जास्त बसवतात."

"मंग त्यालेबी मोठी टाकी लावाले काय व्हस?"

"उडताना एकूण वजन ठरलेलं असतं. माणसं वाढली की तेल कमी भरायचं. मग ते इतक्या लांब पोचत नाही. मुरलीनं चित्र काढून कळवलंय."

"आनि त्याले लहान टाकीनंच भेटनं."

"हो."

"बहीणनं लगीन शे तरीबी?"

"हो."

"मास्तर, आपली पिंपळनेरनी गाडी साक्रीले थांबस. तसं ते इमान वाटमा उतरीसन तेल लेत नही का?"

"घेतं. मीही त्याला हेच लिहिलं."

"मंग?"

"त्यानं दुसरं चित्र काढून पाठवलं."

"मुरलीनी माय काय म्हनस?"

"तिनं लग्नाची तारीख पुढे ढकललीय. म्हणते, तोवर टाकी मोठी करतील."