आईबाबांचे इन्व्हर्टेड कॉमा

लालबागच्या मसाल्याच्या गिरणीपुढे रांग हलत नव्हती. सुनेत्राच्या पुढे मिरच्यांची पिशवी घेऊन उभी असलेली बाई मात्र सोबत आलेल्या आपल्या मुलीवर तिच्या इंग्रजीच्या पेपरवरून भडकली होती.

"आईबाबांचा संवाद लिहायचा होता ना? मग शून्य कसं?"

"टीचर म्हणाल्या, इन्व्हर्टेड कॉमा चुकले. तुमचं बोलणं त्यात हवं होतं. मी फक्त माझंच टाकलं."

"का? आम्ही काय मुके आहोत?"

"आई, हळू. लोक बघतायत."

"बघू देत! वर्गात काय झोपा काढतेस? एवढं साधं येत नाही?"

"येतं मला!"

"मग टाकले का नाहीस?"

"जो तोंडाने बोलतो, त्याचंच त्यात टाकायचं असतं. तुम्ही बोलता कुठे एकमेकांशी? तू मला सांगतेस, मी बाबांना सांगते. ते मला सांगतात, मी तुला. मग तसंच लिहिलं!"

"थोबाड फोडीन! हे असलं शाळेत लिहून आलीस?"

तेवढ्यात मुलीच्या हातातला मोबाईल वाजला.

"बाबा आहेत. घे, बोल."

बाईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"सांग त्यांना, वेळ लागेल. आणि विचार, जेवायला आहेत का."