दाराबाहेर ठेवायचं यंत्र

ताई : तुझे दाजी मागेच म्हणाले होते मला. ‘तुझा भाऊ खुशाल येऊ दे, पण त्याचं ते रेकॉर्डिंगचं यंत्र दाराबाहेर ठेव.’ मी म्हटलं, इश्श! पक्ष्यांचे आवाज टिपतो बिचारा, हेर का आहे तो?

टिल्ल्या : पक्षीच होता गं. जरा मोठा, एवढंच.

ताई : दात काढू नकोस. त्यांची नोकरी जायची वेळ आलीय.

टिल्ल्या : काढून टाकलं ना मी ते विमानाचं रेकॉर्डिंग इंटरनेटवरून! पण तू नीट ऐकलंस का? साधं जेट कसं, एकसारखं फाडत जातं. त्यात इंधन सलग जळतं. हे टप्, टप्, टप्... एकामागून एक बारके स्फोट, आणि त्यांच्या धक्क्यावर विमान पुढे. जगभर लोक नुसतं बोलतात याबद्दल, बघितलं कुणीच नाही. आणि ते तुझ्या गॅलरीवरून जातं!

ताई : गॅलरीत माझी पोरही होती. ती ‘बुब् बुब्’ करून त्याची नक्कल करते, तो आवाजही आलाय त्यात.

टिल्ल्या : लोकांना तेच जास्त आवडलं.

ताई : खालच्या मजल्यावर ह्यांच्याच कारखान्याचे सुरक्षा अधिकारी राहतात, शहाण्या. त्यांची बायको रोज हिला कडेवर घेऊन फिरते. ती ओळखणार नाही?

टिल्ल्या : ...दाजी फार चिडले?

ताई : चिडले असते तर परवडलं असतं. खिडक्या लावल्या, ताट तसंच ठेवलं आणि तुझं ते ऐकतच बसले. मग हळूच मला विचारतात, ‘काय गं, लोक काय म्हणतात? कशावर चालतं हे?’

टिल्ल्या : म्हणजे? बनवतात तर तेच!

ताई : ते व्हॉल्व्हच्या पट्ट्या घासतात. नखाएवढ्या. पुढे त्या कुठे जातात, कोण बसवतं, विचारायचं नाही. उड्डाण असलं की सगळ्यांना आत कोंडतात, कानांवर टोप्या घालून. लग्नाच्या आधीपासून घासतायत, आणि आपली पट्टी वाजते कशी, ते तुझ्याकडून कळलं त्यांना.

टिल्ल्या : मग काय म्हणाले?

ताई : ‘प्रत्येक टप्‌ला माझी पट्टी उघडते बहुतेक.’ इतके खूश, की मला रागावताच येईना. सकाळी निघताना म्हणाले, ‘त्यांनी विचारायच्या आत मीच सांगून टाकतो, आवाज माझ्या मुलीचा आहे.’ पाळी सुटून सगळे घरी आले, रे. हे नाही आले. फोन बंद. आणि खालच्या वहिनींनी मला बघून दार ओढून घेतलं.

(दूर आकाशात टप्-टप् सुरू होतं. आतल्या खोलीतून ‘बुब् बुब्’.)

टिल्ल्या : ताई, ऐक! आज वेग—

ताई : वाढलाय. मधली फटच राहिली नाही. आणि शेवटी बघ, कसा बारीक होत जातो...

टिल्ल्या : थांब, यंत्र आणतो पटकन.

ताई : टिल्ल्या!

टिल्ल्या : बरं, बरं. चुकलो.

ताई : पोरीला टाकून मला निघता येत नाही. तू जा. कारखान्याच्या फाटकावर कुणाला काही विचारू नकोस, वर बघत उभा राहू नकोस. तिथल्या स्टँडला त्यांची हिरव्या सीटची सायकल अजून आहे का, तेवढं बघून ये.