नायिकेचं वय बत्तीस

...नाही, पण मी म्हणते, स्वतः कपाटात बसून बघायची गरज काय होती? बरं, बसलात तर बसलात, दार आतून उघडत नाही एवढं तरी आधी बघायचं! इकडे मी घरभर शोधतेय, गॅसवर दूध उतू जातंय, आणि माझ्या कपड्यांच्या मागून आवाज, "अगं, घाबरू नकोस, मीच आहे! आत हवा पुरते का ते बघतोय!" का, तर ह्यांच्या नव्या कादंबरीतला खुनी दिवसभर कपाटात लपतो. आणि तपशील महत्त्वाचा!

तुम्हाला सांगते, रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसाशी लग्न करू नये. पूर्वी हे असे नव्हते हो. पूर्वी सुखाने चुका करायचे. मग एका पुस्तकात ह्यांनी ऐन अमावस्येच्या रात्री खुन्याला टिपूर चांदण्यात गच्चीवरून पळवला. झालं! एका वाचकाचा फोन. अगदी गोड आवाजात, "नमस्कार, पुस्तक छान आहे. फक्त अमावस्येला चंद्र कुठून आणलात, तेवढं सांगता का?" हे धड जेवेनात की झोपेनात. मी समजूत घालायला गेले, "अहो, माणूस मेला त्याचं कुणाला काही नाही, चंद्राचं काय घेऊन बसलात?" तर कडाडले माझ्यावर, "तपशील महत्त्वाचा! एक तपशील खोटा निघाला की वाचक सगळंच खोटं धरतो!"

आता बोलणं खोटं नाही ह्यांचं. पण म्हणून काय जगावं का नाही आम्ही? मला सतरंजीत गुंडाळून जिन्यावरून ओढून बघितलं, प्रेत किती जड लागतं म्हणून. वर म्हणतात, "अंग सैल सोड ना, तू फारच जिवंत वाटतेस!" परवा औषधाच्या दुकानात जाऊन भर गर्दीत विचारून आले, "बायकोच्या चहात काय घातलं तर चव कळणार नाही?" तो दुकानदार आता मी रस्त्यात दिसले की हातातलं गिऱ्हाईक सोडून माझी तब्येत विचारतो.

आणि घरात? घरातला तपशील विचारा! लेक नोकरीला लागून जुनी झाली, हे अजून फोनवर विचारतात, "परीक्षा कधी गं तुझी?" मी चहात साखर घेणं सोडलं त्याला किती वर्षं झाली, हे प्रेमाने दोन चमचे घालून आणतात. मी पिते. काय करता!

त्या दिवशी दुपारी मला समोर बसवून नवीन प्रकरण वाचत होते. डिटेक्टिव्ह कुलूप तपासतोय. तपासतोय... तपासतोय... कुलपाची कडी, कडीचा गंज, गंजाचा रंग... आणि मला आली जांभई. भली मोठी! कट्कन आवाज झाला आणि जबडा निखळला. तोंड उघडं ते उघडंच! मिटेचना! डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि ह्यांनी वर बघितलं आणि ह्यांचा चेहरा जो खुलला म्हणता! "आवडलं ना? मला वाटलंच होतं, इथे वाचक आ वासणार!"

आता तोंड मिटत नसलेल्या बाईने नवऱ्याला काय आणि कसं समजवायचं? मी "आं आं" करतेय, हे म्हणतात, "थांब, पुढे अजून आहे!" शेवटी त्यांच्या हातातले कागद ओढून फेकले, तेव्हा कुठे उजेड पडला. मग मात्र धावपळ केली हो, खोटं कशाला बोलू. नेलं दवाखान्यात. चपला दोन वेगवेगळ्या होत्या पायात, तो भाग सोडा.

दवाखान्यात डॉक्टर भला माणूस. म्हणाला, "जबडा बसवू, आधी दुखणं कमी करायचं इंजेक्शन देतो." आणि मी ताडकन उठून बसले! कारण ते इंजेक्शन मला चालत नाही. मागे दाढ काढली तेव्हा दिलं होतं, तर ओठ सुजले, घसा बंद झाला, मरता मरता वाचले. आणि हे होते की तिथे! ओठ कसे सुजत गेले, आधी वरचा की आधी खालचा, सगळं बघून घेतलं आणि पुढच्या पुस्तकात एका सावकाराला तस्साच मारला. लोकांनी फार वाखाणलं. "किती खरं वाटतं!" खरं वाटेल नाही तर काय, बायको होती ती!

तर म्हटलं, आता सांगतील. नर्सने विचारलं, "ह्यांना कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी?" हे छाती पुढे काढून म्हणाले, "औषधाची अजिबात नाही. फक्त शेंगदाण्याची!"

शेंगदाण्याची? मी मूठमूठ शेंगदाणे खाते हो! ह्यांच्या डोळ्यांदेखत खाते!

"आधी काही ऑपरेशन?" "अपेंडिक्स. कॉलेजात असताना." मला अपेंडिक्स आहे! "मुलं?" "नाहीत." अहो, लेकीला तरी ठेवा! आणि मग माझ्या लक्षात आलं... हे माझं सांगतच नव्हते. हे ह्यांच्या नव्या नायिकेचं सांगत होते! तिचं सगळं तोंडपाठ, आणि तेही कसं, कुठे अडखळणं नाही, आठवून बघणं नाही! डॉक्टर तर खूश. म्हणाला, "नातेवाइकांनी असं नेमकं सांगितलं की आमचं काम सोपं होतं." हे नम्रपणे म्हणाले, "तपशील महत्त्वाचा!"

मी हातपाय झाडतेय, मान हलवतेय, "आं! आं!" तर हे माझा हात थोपटून डॉक्टरला सांगतात, "घाबरट आहे जरा." आणि सुई भरली गेली! माझ्या डोळ्यांसमोर सुई, आणि हे विचारतायत काय, "डॉक्टर, हे पडदे हिरवेच असतात का सगळीकडे?" तुम्हाला सांगते, भीती तर वाटतच होती, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. इतकी वर्षं एका ताटात जेवलो, आणि ह्या माणसाला एक कागदावरची बाई माझ्याहून जास्त माहीत!

तेवढ्यात नर्सने शेवटचं विचारलं, "वय?" हे म्हणाले, "बत्तीस."

नर्सने माझ्याकडे बघितलं. माझे पांढरे केस बघितले. परत ह्यांच्याकडे बघितलं. "ह्यांचं? बत्तीस?"

आता खरं सांगू? समोर मरण उभं, तरी क्षणभर मला वाटलं... राहू दे की! कुणी प्रेमाने बत्तीस म्हणतंय, आपण कशाला मोडता घाला? पण जिवाची भीती वाईट. हलवली मान. जोरात हलवली! नर्स म्हणाली, "डॉक्टर, थांबा जरा. काकू, हे इंजेक्शन चालतं का तुम्हाला?" मी अशी मान हलवली की जबडा आपोआप बसतो की काय! दुसरं औषध दिलं, डॉक्टरने अंगठे घालून जबडा बसवला, आणि तोंड मिटल्यावर मी पहिलं काय केलं असेल? परत उघडलं! सगळा दवाखाना ऐकत होता.

मात्र ह्यांना लागलं हो ते. घरी येऊन रडले. म्हणाले, "तुझा जीव गेला असता माझ्या तोंडामुळे." आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्यासमोर येऊन बसायला लागले. तुला काय चालतं, काय चालत नाही, कशाची भीती वाटते, लग्नाआधी काय व्हायचं होतं... मी सांगतेय, हे ऐकतायत. चहा बिनसाखरेचा आला! आणि कादंबरीत एक नवीन नवरा आला. बायकोचं सगळं सगळं माहीत असलेला. ते प्रकरण वाचलं तेव्हा मी हनुवटी हाताने धरून ऐकलं, आणि खरंच रडू आलं मला.

काल संपादिकाबाईंचा फोन. ह्यांनी स्पीकरवर टाकला, मला कौतुक ऐकू यावं म्हणून. बाई म्हणाल्या, "कुलूप बरोबर, विष बरोबर, अमावस्याही तपासली. एकच गोष्ट पटत नाही. हा नवरा. नवऱ्याला बायकोचं एवढं सगळं माहीत? असं कुठे असतं का हो? वाचकाचा विश्वास उडेल. तेवढं काढता का?"

हे बघायला लागले माझ्याकडे. बिचारा चेहरा. "तू सांग, काय करू?"

आता मी काय सांगणार? बाईही संसारीच की. मी म्हटलं, "काढून टाका."

आणि तुम्हाला सांगते, एवढ्या वर्षांच्या संसारात माझा एक शब्द ह्यांनी पहिल्या फटक्यात ऐकला असेल, तर तो हा!