पडद्याच्या माझ्या बाजूला

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, मेंदूविकार विभागातले माझे सहकारी, आणि समोर बसलेले आमचे पेशंट व त्यांच्या घरची मंडळी, सर्वांना नमस्कार.

माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं की मला वाटलं, निरोप दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. घड्याळ दिलंत, आभारी आहे. वेळ बघायची गरज संपली आणि घड्याळ मिळालं! असो. दमले आहे, फार उभं राहवत नाही, म्हणून थोडक्यात सांगते.

एकतीस वर्षं मी काय केलं? पडद्याआड लोकांच्या हातात किल्ली, चमचा, बटण ठेवलं आणि विचारलं, 'काय आहे?' याला नोकरी म्हणतात हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही.

तिसऱ्या रांगेत आमचे टेलरमास्तर आणि वहिनी बसले आहेत. मास्तरांची परवानगी घेऊनच बोलते. मी नोकरीला लागले त्याच वर्षी त्यांचं ऑपरेशन झालं. फिट्स काही केल्या थांबेनात, म्हणून मेंदूच्या दोन अर्ध्यांना जोडणारा दुवा कापावा लागला. फिट्स थांबल्या, पण दोन्ही अर्ध्यांत अबोला झाला. डाव्या हाताला लागलेलं उजव्या अर्ध्याला कळतं आणि बोलतो तो डावा अर्धा. सांगणार कोण?

तेव्हा वहिनींनी मला विचारलं, "ताई, यांच्या उजव्या हातात कायम कात्री, म्हणून डावा माझ्या वाट्याला आला. तो धरला तर आता यांना कळेल ना?"

"बघू या की," मी म्हटलं. वहिनींनी पडद्याखालून त्यांच्या डाव्या हातात आपला हात दिला. मी विचारलं, "मास्तर, हातात काय आहे?"

"काही नाही."

"नाही कळत त्यांना, वहिनी," मी सांगून टाकलं. सहा महिन्यांची नोकरी, पण रुबाब बघा! वहिनी "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी हात काढून घेतला.

दोन महिन्यांनी मोठ्या डॉक्टरांनी मला शिकवलं की हाताला विचारायचं ते तोंडाला विचारू नये. मास्तरांच्या डाव्या हातात बटण दिलं. तोंड म्हणालं, "काही नाही." ते बटण दहा वस्तूंत मिसळलं, तर त्याच हाताने न बघता नेमकं उचललं. माझं धाबं दणाणलं.

तपासणीच्या वहीतली नोंद मी दुरुस्त केली. वहिनींना सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, टाळलं! दरवर्षी त्या यायच्या, माझ्या गुडघ्यांची चौकशी करायच्या आणि मी लाजेने गुडघ्यांचंच सांगत बसायचे. मागच्या आठवड्यात मास्तरांकडून कळलं की वहिनींनी तो हात धरणं त्याच दिवशी सोडलं.

वहिनी, त्यांना कळत होतं. पडदा तुमच्या बाजूने बंद होता, माझ्या बाजूने उघडा. तुम्ही हात काढलात आणि त्यांचा हात टेबलावर तुम्हाला शोधत राहिला, पार कडेपर्यंत. मी तो बघितला आणि वहीत लिहिलं, 'अकारण हालचाल'.

अध्यक्ष महोदय, आपण सर्व वेळ काढून आलात, मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. ही चूक मात्र त्यात धरू नका, तिची माफी फक्त वहिनींकडे आहे. वहिनी, तुमची एकतीस वर्षं मला परत देता येणार नाहीत. तो हात मात्र अजून तुमच्या शेजारीच आहे. मी थांबते.