रसमड्याला सोडायला आलेला माणूस

मंडळी, बसून घ्या. मागे उभे आहात त्यांनीही सरकून जागा करून घ्या.

हटवारकाकांचा फोटो माझ्या पाठीमागे ठेवला आहे, ते एका अर्थी बरं झालं. त्यांच्या तोंडाकडे पाहून मला बोलता आलं नसतं. तुमच्याकडे पाहूनही फारसं सोपं नाही.

मी प्रशांत देशकर. नेहरू नगरात फिजिक्सचे क्लास घेतो आणि एक कंपनी चालवतो. इथल्या बऱ्याच जणांनी मला तेरा दिवसांपूर्वी पहिल्यांदा पाहिलं असेल. चार वर्षं ज्या माणसाबरोबर काम केलं, त्यांच्या स्मृति नगरच्या घरी मी पहिल्यांदा आलो तो त्यांना न्यायच्या दिवशी. नेहरू नगराहून स्मृति नगर किती लांब आहे? तुम्हाला माहीत आहे, जेमतेम दहा मिनिटं. मलाही माहीत होतं.

अध्यक्षांनी पाच मिनिटं दिली आहेत. जास्त लागली तर खूण करू नका, मी थांबणार नाही. आज बसलो तर पुन्हा उठायची हिंमत होणार नाही.

काकांविषयी आत्तापर्यंत सगळे चांगलं बोलले. मीही बोलेन. पण माझ्याकडचं त्यांचं चांगलं सांगायला गेलो तर आधी माझं वाईट सांगावं लागतं.

चार वर्षांपूर्वी इथल्याच एका इंजिनियरिंग कॉलेजात एक कार्यक्रम होता. अनोळखी लोकांनी शुक्रवारी संध्याकाळी जमायचं आणि रविवारी संध्याकाळपर्यंत मिळून एक कंपनी उभी करायची. हसू नका कोल्हेकाका, असं खरंच असतं. ज्याच्याकडे कल्पना आहे त्यानं माईकवर एक मिनिट बोलायचं, मग ती कागदावर लिहून भिंतीला लावायची. प्रत्येकाला तीन गोल स्टिकर देतात. जी कल्पना आवडली तिच्या कागदावर ती चिकटवायची. ज्याच्या कागदावर जास्त स्टिकर, त्याची टीम.

हॉलमध्ये सगळी वीस-बावीस वर्षांची पोरं. त्यात एक सहासष्ट वर्षांचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, पायात स्टील प्लांटचे सेफ्टी शूज. पेपरात वाचलं की कल्पना असेल तर या, म्हणून आले होते. छातीला लावायच्या बिल्ल्यावर बाकीच्यांनी नुसतं नाव लिहिलं, कुणी पुढे 'फाउंडर' जोडलं. काकांनी लिहिलं, 'देवाजी गणपत हटवार, मेंटेनन्स, रिटायर्ड'. अक्षरं बिल्ल्यात मावली नाहीत, शेवटची दोन बाजूला उभी लिहिली.

त्यांचं एक मिनिट कसं गेलं सांगू? आधी नाव सांगितलं. मग गाव, भंडाऱ्याकडचं. मग प्लांटात कोणत्या साली लागले ते, मग पहिल्या साहेबांचं नाव. आणि मग म्हणाले, "मशीन बोलते साहेब, आयकनारा पाहिजे." घंटी वाजली. हॉल हसला. मीही हसलो. लोकांना आवडलं असं वाटून काकाही हसले.

त्यांच्या कागदावर बरोबर तीन स्टिकर होती. तिन्ही त्यांनीच लावलेली. एका मुलीनं सांगितलं, "अंकल, खुद को नहीं देते." तर म्हणाले, "कावून? मले तर माहीच आयडिया आवडली ना."

माझ्या कागदावर एकही नव्हतं. स्वतःला द्यायचं माझ्या डोक्यात आलं नाही, आणि दुसरं कुणी दिलं नाही. सगळ्या टीम झाल्यावर आम्ही तिघं उरलो. मी, काका, आणि ही स्टिकरवाली मुलगी, नेहा साहू, कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाची. लग्नात शेवटच्या पंगतीला उरलेले बसतात तसे आम्ही एका टेबलावर बसलो.

शनिवारी सकाळी काकांनी आपली जुनी व्हॅन काढली आणि आम्हा दोघांना रसमड्याला, तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीत नेलं. ओळखीच्या एका छोट्या कारखान्यात मोटर चालू होती. काकांनी पिशवीतून दोन फुटांची लोखंडी सळई काढली. एक टोक मोटरच्या अंगाला टेकवलं, दुसऱ्या टोकावर अंगठा ठेवून अंगठा कानाला लावला. डोळे मिटले. तुमच्यापैकी प्लांटात काम केलेल्यांना यात नवल वाटणार नाही. मी फिजिक्स शिकवतो, ध्वनीचा धडा मला तोंडपाठ आहे, पण असं ऐकणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

मालकाला म्हणाले, "सेठ, ये बेरिंग पंद्रह दिन नहीं निकालेगा."

मालक म्हणाला, "चाचा, परसों ही सर्विस हुआ है."

"हुआ होगा. ठीक नहीं हुआ."

मालक चिडला. त्यांना खोटं पाडायला म्हणून मोटर खोलायला लावली. बेअरिंगमधल्या एका गोळीला चीर गेली होती.

नेहानं तिथंच फोन काढला आणि मोटरचा आवाज भरून घेतला. त्या दिवशी आम्ही सहा कारखाने फिरलो. ती आवाज भरायची, काका सळई लावून सांगायचे. ही चांगली. ही सुकी, तेल मांगते. ही ढिल्ली. ही गेली समजा. संध्याकाळपर्यंत नेहाच्या लक्षात आलं की काकांचा कान फोनला शिकवता येईल. फोन मोटरजवळ धरायचा आणि त्यानं सांगायचं, बेअरिंग कधी जाणार. म्हणजे छोट्या कारखान्याचं काम अचानक बंद पडणार नाही. कंपनी तयार झाली.

कान काकांचा. डोकं नेहाचं. माझं काय होतं? माझं इंग्रजी चांगलं होतं.

मंडळी, आता रविवार. इथपर्यंत सांगायला मला काही जड गेलं नाही. पुढचं मी घरी बायकोलाही सांगितलेलं नाही. ती आज इथे बसली आहे, तिलाही आत्ताच कळतंय.

दुपारी मी काकांना बाजूला घेतलं. म्हटलं, "काका, स्टेजवर मी आणि नेहा जातो. तुम्ही समोर बसा."

ते म्हणाले, "मी फक्त सळई कशी लावते तेवढं दाखवतो ना मास्तर. अर्धा मिनिट."

मी म्हटलं, "जज बाहेरून आलेले मोठे लोक आहेत, काका."

एवढंच म्हटलं. पुढचं ते समजले. "हो हो, बराबर आहे," म्हणाले.

का केलं मी असं? शुक्रवारी हॉल हसला होता, त्याची भीती होती. पण खरं कारण त्याहून वाईट आहे. आमच्या घरात 'मले-तुले' बोललं की आई रागवायची. "आपण ऑफिसातली माणसं आहोत, असं बोलायचं नाही." नागपूरहून या हिंदी मुलखात आलेले कारकून आम्ही, पण आमच्या मनात आमची पायरी वरची. काकांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं, "तुमी आपल्यातलेच ना मास्तर? कोन्या गावचे?" आजूबाजूला पोरं होती. मी त्यांना हिंदीत उत्तर दिलं. तीन दिवस तो माणूस माझ्याशी मराठीत बोलत होता आणि मी चार माणसांत असलो की हिंदीत उत्तर देत होतो. ते आणि मी एकाच भाषेतले आहोत हे कुणाला कळू नये म्हणून.

संध्याकाळी आमच्या टीमचं नाव पुकारलं. काका सवयीनं उभे राहिले. शिफ्टला नाव पुकारलं की माणूस उभा राहतो तसे. हातात सळई. एका जजनं माईकवरून विचारलं, "ये कौन हैं? टीम में हैं?"

अख्खा हॉल माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, "नहीं सर. ये हमें रसमड़ा छोड़ने आए थे."

व्हॅन त्यांचीच होती ना? सोडलं त्यांनीच होतं ना? 'नहीं' सोडलं तर त्या वाक्यात शोधून खोटं सापडणार नाही. म्हणूनच मला ते इतक्या पटकन सुचलं असावं.

काकांनी जजला हात जोडले आणि बसले. सळई खुर्चीखाली ठेवली. नेहानं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढची दहा मिनिटं तिच्या बाजूला मान वळवली नाही. आणि त्या दहा मिनिटांत मी जजना सांगितलं की हे सगळे आवाज तज्ज्ञांकडून तपासून घेतले आहेत.

आमचा पहिला नंबर आला. फोटो निघाले. नंतर काका जवळ आले, माझा हात दोन्ही हातांत धरला, "मस्त बोलले तुमी मास्तर. मी असतो तं नंबर आला नसता." आणि मला व्हॅनमधून घरी सोडलं. हो. मला नेहरू नगरला माझ्या दारापर्यंत त्यांनीच सोडलं. मी बसलो त्या व्हॅनमध्ये.

कंपनीची कागदपत्रं झाली तेव्हा त्यात दोन नावं होती. मी म्हटलं, काकांचं नंतर टाकू. नेहा भांडली. वर्षभर भांडली, मग बेंगलोरला नोकरी धरून निघून गेली. जाताना म्हणाली, "सर, बबा कुछ बोलते नहीं, इसका मतलब ये नहीं कि उनको पता नहीं." तिच्या घरी आजोबांना बबा म्हणतात, काकांना ती तसंच म्हणायची. काका मात्र दर सोमवारी यायचे. नवे आवाज ऐकायचे, सांगायचे, चहा घेऊन जायचे. चार वर्षांत एकदाच काहीतरी मागितलं. "मास्तर, आपल्या कंपनीचं माह्या नावाचं एखांदं कार्ड भेटन का?"

मी म्हटलं, छापून घेऊ. छापलं नाही. मुद्दाम नाही हो. राहून गेलं. कुणाच्या बाबतीत गोष्टी अशा राहून जातात, हे तुम्ही जाणता.

त्यांना कार्ड कशाला हवं होतं, ते मला गेल्या आठवड्यात कोल्हेकाकांनी सांगितलं. सांगताना ते रडले, आणि आज सभेत सांगायची परवानगी त्यांनीच दिली आहे. चौकातल्या चहाच्या टपरीवर हटवारकाका सांगायचे, "आपली कंपनी आहे." दोस्त चिडवायचे. "या कंपनीवाले साहेब, चहा कोन पाजते आज?" एकदा कोल्हेकाकांनी फोनवर आमच्या कंपनीचं पान उघडून समोर धरलं. "दाखव बे देवाजी, कोठी हाय तुहं नाव?" दोन फोटो होते, माझा आणि नेहाचा. काकांनी चष्मा लावून पाहिलं. म्हणाले, "मोठी कंपनी आहे बाप्पा. मागच्या पानावर असन."

टपरी हसली. तेव्हापासून कॉलनीत सगळे म्हणायचे, हटवार फेकते. इथे बसलेल्यांपैकी कितीजण म्हणाले असतील? हात वर करू नका. दोष तुमचा नाही. तुम्ही पाहिलंत ते पान मी लिहिलं होतं.

त्यांनी ठरवलं असतं तर एका वाक्यात मला उघडं पाडलं असतं. "प्रशांत देशकरनं माझं नाव खाल्लं." एवढं म्हणायचं होतं. ते म्हणाले नाहीत. टपरीवर खोटारडे ठरले, पण माझं नाव कुणाजवळ काढलं नाही.

परवा कार्ड छापून आणावं असं मनात आलं होतं. फोटोपुढे ठेवलं असतं, तुम्ही हळहळला असता, आणि मी पुन्हा चांगला ठरलो असतो. म्हणून नाही आणलं.

तेरवीच्या आदल्या दिवशी मी घरी गेलो. काकूंनी चहा ठेवला. मग पदरानं हात पुसत समोर बसल्या. म्हणाल्या, "एक विचारू का सर? ते म्हनत, माही कंपनी आहे. लोकं म्हनत, फेकते. मी बी एकदा म्हटलं त्यायले, या वयात कावून खोटं बोलता, मले लोकायत जाता येत नाही. त्या दिवशी ते जेवले नाही. तुमी सांगा, खरं काय आहे?"

मंडळी, त्या बाईला त्या वेळी एका शब्दाचं उत्तर हवं होतं. मी म्हणालो, "काकू, नंतर बोलू." आणि चहा संपवून निघालो. इतकं सगळं कळल्यावरसुद्धा. माणूस सुधारतो म्हणतात, मला तसा अनुभव नाही.

काकू, तुम्ही दुसऱ्या रांगेत बसल्या आहात. नंतर बोलू म्हणालो होतो, ते आता बोलतो. सगळ्यांसमोर बोलतो, कारण सगळ्यांसमोरच त्यांना खोटं ठरवलं गेलं.

ती कंपनी त्यांची होती. पहिल्या दिवसापासून त्यांची होती. त्यांनी तुम्हाला सांगितलं तो शब्द न् शब्द खरा होता. त्या दिवशी ते जेवले नाहीत ते माझ्यामुळे, तुमच्यामुळे नाही. तुमचा नवरा खोटं बोलला नाही, काकू. मी बोललो.

माफी मागायला आलेलो नाही. तुम्ही देऊन टाकाल, मला तुमचा स्वभाव एका चहात कळला. म्हणून आज देऊ नका.

मंडळी, आता उठू या. माझी लाज झाकायला देवाजी गणपत हटवार चार वर्षं गप्प राहिले. आपण त्यांच्यासाठी दोन मिनिटं राहू.